न उचललेली चिट्टी

६ जुलै, शनिवार

या वहीत केवळ सत्य लिहायचे, असा निश्चय आहे. मागील तीन रोजनिश्या अर्ध्यावर राहिल्या, कारण त्यांचा कागद निकृष्ट होता.

आज महाविद्यालयात पहिला वर्ग घेतला. विषय: विद्यार्थ्यांसाठी आर्थिक शिस्त. बी.कॉम. अंतिम वर्ष, उपस्थिती चोवीस, दर शनिवारी एक तास. मानधन नाही. शाल व चहा यांपैकी प्राचार्यांनी चहा दिला. गाव तेलंगणाच्या सीमेवरचे आणि मुले मराठी, तेलुगू, उर्दू अशा तिन्ही घरांतली असल्यामुळे व्याख्यान हिंदीत दिले. विनोद मात्र मराठीत केले. कोणीही हसले नाही. विषयाचे गांभीर्य पोहोचले.

फळ्यावर नियम पहिला लिहिला: पैसा देण्यापूर्वी तो घेणारा हात कोणाचा आहे, ते पाहावे. पहिल्या बाकावरील दामिनी नावाच्या मुलीने त्याखाली दोन रेघा ओढल्या. तिची आई प्रयागबाई अंगणवाडीत मदतनीस आहे, वडील नाहीत. अशा मुलांसाठीच हा वर्ग आहे.

ओळख करून देताना सांगितले, की मी एकतीस वर्षे येथील कापसाच्या जिनिंगमध्ये लेखापाल होतो आणि नव्या मालकाने सॉफ्टवेअर बसवल्यानंतर स्वेच्छानिवृत्ती घेतली. स्वेच्छा मालकाची होती, असे मीनाक्षीचे मत आहे. मीनाक्षी माझी पत्नी. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिक्षिका. गणित शिकवत नाही.

१० ऑगस्ट, शनिवार

प्रात्यक्षिकाविना अर्थशिक्षण व्यर्थ, या निष्कर्षाप्रत आलो. वर्गाची चिट्टी, म्हणजे लिलावाची भिशी, सुरू केली.

आपल्या जिल्ह्यात चिट्टी घरोघरी असते, पण तिचे शास्त्र कोणी शिकवत नाही. मी शिकवले: चोवीस विद्यार्थी आणि मी मिळून पंचवीस सभासद. प्रत्येकाने दरमहा पाचशे भरायचे. जमलेल्या रकमेचा दरमहा लिलाव. ज्याला गरज आहे त्याने कमी रक्कम स्वीकारून ती उचलायची. सोडलेली रक्कम बाकीच्यांत वाटली जाते. उचलणाऱ्याने जामीन द्यायचा, शक्यतो सरकारी नोकरीतला. पुढचे हप्ते बुडाले, तर जामीनदाराच्या पगारातून वसूल.

अनुप नावाचा एक चुणचुणीत, किंचित आगाऊ मुलगा उभा राहिला. म्हणाला, की सर, पंचवीस जनं म्हंजे पंचवीस महिने, अन् आमचं कॉलेज तं नऊ महिन्यात खतम होऊन राह्यलं. याला दीर्घकालीन दृष्टी म्हणतात, असे मी सांगितले. वर्ग हसला. माझा विनोद नसताना हसला.

दामिनीने आधीच सांगून ठेवले, की सर, मले परीक्षा झाल्यावर पाह्यजे, हैदराबादले नोकरीचं पाहीन, हॉस्टेलचं डिपॉझिट लागते. मी म्हणालो, नियोजन याला म्हणतात. टाळ्या वाजवून घेतल्या.

पहिली रक्कम चिट्टी चालवणाऱ्याने पूर्ण उचलायची, ही आपल्याकडची रीतच आहे. रीतीप्रमाणे मी उचलली.

नोंदणीचा प्रश्न मीनाक्षीने काढला. शैक्षणिक प्रात्यक्षिकास कायदा लागू होत नाही, असे माझे मत.

७ सप्टेंबर, शनिवार

दुसरा लिलाव. त्याआधी संयम या विषयावर चाळीस मिनिटे बोललो. जो लवकर उचलतो तो स्वतःची घडी विस्कटली असल्याचे चारचौघांत जाहीर करतो; जो थांबतो तो जिंकतो. परिणामी कोणीही बोली लावली नाही. एकाही चिट्टीच्या इतिहासात असे घडले नसावे. अध्यापनाचा विजय.

बोली नसेल तर चिठ्ठ्या टाकून नाव काढतात, असे अनुप म्हणाला. चिठ्ठ्या टाकणे हा जुगार आहे आणि मी माझ्या वर्गात जुगार होऊ देणार नाही, असे ठणकावले. रक्कम माझ्याकडे सुरक्षित ठेवली.

संध्याकाळी फोनवर शेअर बाजाराचे ॲप घेतले. शिकवणाऱ्याला अनुभव हवा.

२१ सप्टेंबर, शनिवार

मी उचललेल्या पहिल्या रकमेवर दोन आठवड्यांत नफा. त्यातून मीनाक्षीसाठी मिक्सर आणला. हा लाभांश आहे, असे तिला समजावले. तिने विचारले, कायचा लाभांश? स्त्रियांना मिळकतीचे स्रोत विचारायची सवय असते.

सुरक्षित ठेवलेली रक्कम नुसती पडून राहणे हा विद्यार्थ्यांवर अन्याय ठरेल. महागाई तिला दररोज कुरतडते. त्यांच्या वतीने तीही कामाला लावावी. पूर्वी फक्त शेअर घेत असे, आता ऑप्शन, म्हणजे भावाच्या चढउतारावरचे सौदे. कमी पैशात मोठी झेप. वर्गात ऑप्शनपासून दूर राहा, असे सांगतो, ते अप्रशिक्षितांसाठी.

१२ ऑक्टोबर, दसरा

ऑक्टोबरमध्येही बोली नाही. मुले आता परस्परांना बजावतात, की उचलू नको, सर ओरडतील.

भैंसाहून मीनाक्षीचे थोरले बंधू भगवानराव सोने द्यायला आले. कापसाची आडत आहे, बोलणे मोठ्याने. सर्वांसमोर विचारले, की गोपाळराव, लेकरायचे पैसे कुठं ठेवून राह्यले तुमी? म्हणालो, पोर्टफोलिओत. म्हणाले, त्याले कुलूप असते का? सगळे हसले. मीनाक्षीही.

आपट्याची पाने ॲपवर ठेवली. श्रद्धेचा भाग नाही. पाने ठेवायला दुसरी जागा नव्हती.

१६ नोव्हेंबर, शनिवार

या आठवड्यात बाजाराने चूक केली. मी केलेले विश्लेषण पुन्हा तपासले. त्यात दोष नाही.

आज वर्गाचा विषय: गरज आणि हौस यांतील फरक. दामिनीने बसचा पास काढून महिन्याला किती वाचवते, ते सांगितले. हप्ता मोजून, घडी घालून, पाकिटात घालून देते. पाकीट परत मागते. पुढच्या महिन्याला वापरते.

१४ डिसेंबर, शनिवार

निम्मे उरले आहे असे न म्हणता, निम्मे अनुभवात रूपांतरित झाले असे म्हणणे अधिक शास्त्रशुद्ध होईल.

निश्चय: एक जानेवारीपासून ऑप्शन बंद. तोपर्यंत झालेला तोटा ऑप्शननेच भरून काढायचा, कारण दुसऱ्या कोणत्याही साधनाला तेवढा वेग नाही.

विषय: तोटा वेळीच मान्य करणे. व्याख्यान उत्तम झाले.

१ जानेवारी, बुधवार

निश्चय पुढे ढकलला. बाजार आजही सुरू होता, ही माझी जबाबदारी नाही.

१८ जानेवारी, शनिवार

एक अप्रिय प्रसंग. हप्ते गोळा करताना अनुपने हात वर केला. म्हणाला, सर, तुमीच सांगतलं, जो उचलते त्यानं जमानत द्याव. पहिली तुमी उचलली. तुमची जमानत कोन हाय?

मी म्हणालो, की गुरूने शिष्याला जामीन द्यायचा, हे एकतीस वर्षांच्या नोकरीत ऐकले नाही. अनुप म्हणाला, नाई सर, मी तं फक्त नियम इचारून राह्यलो. त्याचा आवाज नम्र होता. त्याचेच वाईट वाटले.

मागून कोणीतरी तेलुगूत काहीतरी बोलले आणि तिकडचा बाक हसला. मला तेलुगू येते. येथे लिहीत नाही.

१९ जानेवारी, रविवार

अनुपचे तोंड कायमचे बंद करण्यासाठी जामीनपत्र तयार केले. सरकारी शिक्षिकेइतका भक्कम जामीन जिल्ह्यात दुसरा नाही. मीनाक्षी वह्या तपासत होती. मी बोट ठेवले, तिथे तिने सही केली. लग्नाला अठ्ठावीस वर्षे झाली. बोटावर सही मिळते. ही संसाराची खरी पुंजी.

सही झाल्यावर मात्र तिने विचारले, की अहो, लेकरायचे पैसे हायेत ना? म्हणालो, आहेत, बाजारात आहेत. तिने विचारले, कोन्त्या बाजारात?

मी वर्तमानपत्र उघडले.

२ फेब्रुवारी, रविवार

बासरच्या सरस्वती मंदिरात जाऊन आलो. वसंतपंचमीची गर्दी. हेतू शैक्षणिक: देवस्थानातील रांगेचे व्यवस्थापन पाहणे. लहान लेकरे अक्षराभ्यासासाठी मांडीवर पाट्या घेऊन बसली होती. त्या रांगेत बसून एका पाटीशेजारी फोन टेकवला. पुजाऱ्याने हिंदीत विचारले, बच्चा किधर है? म्हणालो, घरी आहे. तो म्हणाला, फिर बैठे काहे को? उठो.

परतीच्या बसमध्ये फोन बंद ठेवला.

८ मार्च, शनिवार

शेवटचा वर्ग. मुलांनी निरोपाला पेन दिले. हप्ते मात्र सुरूच राहणार, असे स्पष्ट केले. मी दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी महाविद्यालयाच्या व्हरांड्यात बसेन. चोवीसच्या चोवीस जण अजून नियमित आहेत. मी लावलेल्या शिस्तीचे हे फळ पाहून गहिवरलो.

पोर्टफोलिओत आज जे आहे त्यात या पेनाची रिफिल येईल. रिफिल चांगल्या कंपनीची येईल.

१२ एप्रिल, शनिवार

दामिनी धावत व्हरांड्यात आली. हैदराबादच्या एका मोठ्या दवाखान्यात बिलिंग विभागात तिची निवड झाली आहे. दोन जूनला हजर व्हायचे. हॉस्टेलचे डिपॉझिट आणि पहिला पगार होईपर्यंतचा खर्च, एवढेच हवे. म्हणाली, सर, मे महिन्याची चिट्टी मी उचलीन, आईले सांगून देल्लं, दुसऱ्या कोनाले मागाचं काम नाई.

अभिनंदन केले. नंतर संयमाचा धडा पुन्हा दिला. पहिल्या संधीवर झडप घालू नये, असे सुचवले. ती म्हणाली, सर, नोकरी थांबत नाई ना.

हा युक्तिवाद अपरिपक्व आहे.

२० एप्रिल, रविवार

भैंसाला भगवानरावांकडे गेलो. विषय काढण्यापूर्वी कापसाच्या भावावर तासभर बोललो. विषय काढल्यावर त्यांनी आयुष्यात प्रथमच आवाज खाली आणला. मग म्हणाले, की गोपाळराव, पैसे नाईत, अन् असते तरी देल्ले नसते, राग नका मानू. बहिनीनं मागितले असते तं घर इकलं असतं. तिनं मागितले का? तिले मालूम हाय का?

त्यांच्याकडे रोख तरलतेचा अभाव आहे, असा निष्कर्ष काढून परतलो. बसमध्ये शेजारच्या माणसाला बजेट कसे करावे, ते समजावले. तो निर्मलला उतरला. तिकीट पुढचे होते, असे वाटते.

१० मे, शनिवार

लिलाव. नऊ महिन्यांत प्रथमच बोली. दामिनी एकटीच. दुसरी बोली नसल्यामुळे तिला काहीच सोडायची गरज नव्हती, तरी तिने स्वतःहून हजार सोडले. म्हणाली, सगळे माह्यासाठी थांबले, त्याइले कायतरी भेटाव. मुलांनी टाळ्या वाजवल्या. अनुपने विचारले, सर, पैसे आत्ताच देता का, तिले बुकिंग कराचं हाय. सोमवारी, असे सांगितले.

या महिन्याचे हप्ते सकाळपर्यंत हातात होते. तेच तिला देता आले असते, हे घरी येताना लक्षात आले. परंतु ते सकाळीच ॲपवर पाठवले होते. एका दिवसात सर्व भरून निघण्याची संधी होती. सोमवारी बाजार उघडल्यावर कळेल.

१२ मे, सोमवार

कळले.

१३ मे, मंगळवार

दामिनीचा फोन. सर्व्हर बंद असल्याचे सांगितले. ती म्हणाली, बरं सर.

१५ मे, गुरुवार

दामिनीचा फोन. बँकेत माणसे रजेवर असल्याचे सांगितले. ती म्हणाली, बरं सर.

एवढ्या शांतपणे ऐकून घेणारी विद्यार्थिनी कोणत्याही शिक्षकाचा अभिमान ठरावी.

१७ मे, शनिवार

प्रयागबाई घरी आल्या. पायरीवर बसल्या, आत या म्हटले तरी आल्या नाहीत. मीनाक्षीने आणून दिलेला चहा बाजूला ठेवला. त्यावर साय धरली. म्हणाल्या, साहेब, पोरीनं तुमच्या भरोशावर कोनालेच मागितलं नाई. माहा भाऊ द्याले तयार होता. पोरगी म्हने, मामा, नको, सरांजवळ माहे जमा हायेत. आता भावानं ते पैसे बोअरले लावले.

मी त्यांना तरलता म्हणजे काय ते समजावू लागलो. पैसा असणे आणि तो हाताशी असणे, यांत फरक असतो. प्रयागबाईंनी माझे सर्व ऐकून घेतले आणि मीनाक्षीकडे पाहून विचारले, बाई, पैसे हायेत का नाई?

मीनाक्षी माझ्याकडे वळली नाही. आत गेली. जामीनपत्राची प्रत कपाटात कुठे आहे, ते तिला ठाऊक असेल, असे मला वाटले नव्हते. पायरीवर उभी राहून तिने ती पूर्ण वाचली. माझी वाक्यरचना बिनचूक होती. कुठेही पळवाट नव्हती.

रात्री तिने स्वयंपाक केला. माझे ताट वाढले. स्वतःचे ताट पायरीवर नेले.

१९ मे, सोमवार

मीनाक्षीने तिच्या भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढण्याचा अर्ज दिला. कारण या रकान्यात काय लिहिले, असे विचारले. म्हणाली, घरदुरुस्ती.

उन्हाळ्याची सुटी. सही करणारे अधिकारी गावाला. मी कार्यालयात सोबत येऊन प्रक्रिया जलद करतो, असे सुचवले. ती म्हणाली, तुमी घरीच राहा.

२६ मे, सोमवार

दामिनीने दवाखान्याकडे आठ दिवसांची मुदत मागितली. अनुपकडून कळले. अनुप आता मला नमस्कार करत नाही. चौकात दिसला, तेव्हा चप्पल दुरुस्त करत असल्यासारखा वाकला. त्याच्या पायांत बूट होते.

२ जून, सोमवार

आज तेलंगणा स्थापनादिन. ध्वजवंदनाला महाविद्यालयात मला बोलावले नाही. उन्हामुळे कार्यक्रम छोटा ठेवला असावा.

आजच दामिनीने हजर व्हायचे होते.

४ जून, बुधवार

दवाखान्याने दुसरी मुलगी घेतली.

यावर मी एक टिपण लिहायला घेतले होते: संधी हुकल्यास नव्या संधीचे नियोजन. शीर्षकाखाली रेघ मारली. पुढे सरकले नाही.

११ जून, बुधवार

निधीचे पैसे आले. निवृत्तीनंतर मीनाक्षीला कन्याकुमारी पाहायची होती. ते पैसे आता तेवढे राहिलेले नाहीत. तिने व्हरांड्यात टेबल मांडून चोवीस जणांना प्रत्येकाची जमा परत केली. मी समारोपाचे छोटे भाषण तयार करून गेलो होतो. फाटकाजवळच्या चहाच्या टपरीवरून सर्व दिसत होते, म्हणून तिथेच थांबलो.

मुले एकेक करून तिच्या पाया पडत होती. तिला ते नको होते. पाय मागे घेत होती. दामिनी सर्वांत शेवटी आली. पाकीट घेऊन आली होती. तेच जुने पाकीट. पैसे त्यात ठेवले. मीनाक्षीने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मग काढलाच नाही.

अनुप बाहेर पडताना टपरीपाशी थांबला. मला वाटले, चहा घेईल. म्हणाला, सर, तुमची जमानत मात्र एक नंबर होती.

चहाचे पैसे देण्यासाठी खिशात हात घातला. सुटे नव्हते. टपरीवाल्याने राहू द्या म्हटले. मी कोणाचे ठेवत नाही, असे त्याला सांगणार होतो.

निश्चय: आजपासून ॲप काढून टाकायचे.

१२ जून, गुरुवार

ॲप काढले. पासवर्ड लिहून ठेवला आहे, केवळ नोंदीसाठी.

२८ जून, शनिवार

शाळा सुरू झाल्यामुळे मीनाक्षीला साडी घ्यायची होती. बाजारात कापडाच्या दुकानात गेलो. पिशवी धरण्यासाठी मी बरोबर लागतो.

बिलाच्या काउंटरवर दामिनी होती. दोन आठवड्यांपूर्वी लागली, असे मीनाक्षीला तिने सांगितले. सकाळी दहा ते रात्री नऊ, मधे अर्धा तास जेवण. मीनाक्षीने विचारले, हैदराबादचं पुन्हा? दामिनी म्हणाली, पाहू बाई, आईचे गुडघे दुखून राह्यले, आता सोडून जाता येत नाई.

बिल बिनचूक होते. मी वरून दोनदा तपासले.

पैसे मीनाक्षीने मोजून मला दिले, कारण काउंटरजवळ मी उभा होतो. मी ते दामिनीपुढे ठेवले. तिने मोजले, गल्ल्यात टाकले, सुटे काढले. मी हात पुढे केला होता. तिने माझ्या हाताकडे एकदा पाहिले. मग काउंटरला वळसा घालून बाहेर आली आणि सुटे पैसे मीनाक्षीच्या हातात ठेवले.

नियम पहिला. तिने त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या.

पिशवी मी धरली.